‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नेमकं कोण घेत नाही?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात सातबारा आहे, रेशनकार्ड आहे, एखादी योजना चालू आहे किंवा बंद पडली आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. आणि माझ्यासारखे जे सॉफ्टवेअरवर पोट भरतात त्यांनी तर नक्कीच.

गेल्या महिन्यात वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शहरातल्या एका सेवा केंद्रात रांगेत उभा होतो. पुढे दिंडोरीकडच्या एक मावशी होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागदांची चळत. तिसरी खेप होती त्यांची. काउंटरवरच्या पोराने फॉर्म भरला, बटण दाबलं आणि म्हणाला, "मावशी, सिस्टीम घेत नाहीये."

मावशी म्हणाल्या, "मग तिला कोणी सांगायचं, घे म्हणून?"

रांगेतले लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण स्क्रीनवर लाल अक्षरात आलेली ओळ मला दिसत होती. त्या पोराला ती कळत नव्हती, मावशींना तर नाहीच नाही. मला कळली. पंधरा वर्षं मी तेच वाचतोय. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता की या क्रमांकाची नोंद आधीच कोणाच्या तरी नावावर आहे, दुसरी घेता येणार नाही. यात सिस्टीम रुसली नव्हती. आत कोणीतरी घातलेला एक नियम त्याचं काम करत होता. प्रश्न एवढाच होता की तो नियम बरोबर आहे की आधीची नोंद चुकीची आहे. आणि तो शोधायची जबाबदारी त्या अख्ख्या खोलीत कोणावरच नव्हती. मावशी बसभाडं खर्चून परत गेल्या.

या नियमाला आमच्या धंद्यात इंडेक्स म्हणतात. आज त्यावरच लिहायचं आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण तुमच्या पैशाचा आणि जमिनीचा आहे.

इंडेक्स म्हणजे काय

फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला ‘इंडेक्स टू’ माहीत असतो. बँक पहिल्यांदा तोच मागते. नोंदणी कार्यालयात हजारो दस्त असतात. त्यातून तुमचा शोधायचा तर प्रत्येक दस्त उघडून बघणार का? म्हणून १९०८ च्या नोंदणी कायद्याने याद्या ठेवायला लावल्या. एक यादी माणसांच्या नावांची, दुसरी मालमत्तेची. ती दुसरी म्हणजे आपली सूची क्रमांक २. कॉम्प्युटरमधला इंडेक्स म्हणजे हीच गोष्ट. लाखो नोंदींतून एक नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली वेगळी यादी.

पण त्याचा एक कडक भाऊ आहे, युनिक इंडेक्स. तो शोधून देतोच, शिवाय दारावर उभा राहून बघतो की तीच किल्ली घेऊन दुसरा कोणी आत येत नाही ना. एका गावात एक गट क्रमांक दोनदा नको. एका बँकेत एक खाते क्रमांक दोघांना नको. तलाठी हे काम डोळ्यांनी आणि आठवणीने करायचा. कॉम्प्युटरला डोळेही नाहीत आणि गावातली माणसंही ओळखीची नाहीत. त्याच्याकडे फक्त हा दारवान आहे. दारवान काढला की कोणीही कितीही वेळा आत.

फेरफार आणि मायग्रेशन

आता दुसरा शब्द, मायग्रेशन. आजकाल बरंच सॉफ्टवेअर ‘आधी कोड, मग टेबल’ या पद्धतीने बनतं. म्हणजे प्रोग्रामर कोडमध्ये लिहितो की शेतकरी म्हणजे नाव, गाव, आधार, खाते क्रमांक. मग फ्रेमवर्क त्यावरून टेबल तयार करतं. उद्या कोडमध्ये बदल केला की फ्रेमवर्क बदलाची एक फाइल काढून देतं. एंटिटी फ्रेमवर्क असो, जँगो असो, तत्त्व तेच. फाइल चालवली की टेबल बदलतं. प्रत्येक फाइल क्रमाने लागते आणि आधी झालेली फाइल नंतर बदलायची नसते.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगायला मला एक मिनिट लागतो. कारण हा आपला फेरफार आहे. गाव नमुना ६. सातबाऱ्यावर कोणी थेट पेन चालवत नाही. आधी फेरफार नोंदवहीत क्रमांकाने नोंद पडते. कलम १५० प्रमाणे नोंदीची प्रत चावडीवर लागते, हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत चढते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. जुना फेरफार चुकला असेल तर त्यावर व्हाइटनर लावत नाहीत, नवा फेरफार घेतात. पन्नास वर्षांपूर्वी कोणाचं नाव का आलं आणि कोणाचं का गेलं, हे आजही काढता येतं ते यामुळेच.

इतकी शहाणी पद्धत आपल्याकडे कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे. आणि कॉम्प्युटर आल्यावर आम्ही प्रोग्रामर लोकांनी त्यातला अर्धाच भाग घेतला. क्रमांक घेतला, नोटीस सोडून दिली.

मी स्वतः काय केलं

दुसऱ्यांवर बोट दाखवायच्या आधी माझं सांगतो. हे मी कधी उघडपणे लिहिलं नव्हतं.

२०१९ साली आम्ही एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर नव्यावर नेत होतो. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. माझ्या लॅपटॉपवर दहा बनावट सभासद होते. ‘टेस्ट १’, ‘टेस्ट २’, ‘अबक’. कोडमध्ये मी एक ओळ टाकली की सभासद क्रमांक युनिक. मायग्रेशन तयार झालं, लॅपटॉपवर पळालं, मी खूश. दहा बनावट माणसांमध्ये भांडण कसं होणार?

रात्री साडेअकराला खऱ्या डेटावर चालवलं आणि ते थांबलं. दुबार किल्ली सापडली, इंडेक्स तयार करता येत नाही. सकाळी दहाला शाखा उघडणार होती. दुबार नोंदी मोजल्या तर ४१ निघाल्या. मी ठरवलं की ही जुन्या ऑपरेटरची घाण आहे. तीन ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक क्रमांकाची पहिली नोंद ठेव, बाकीच्या उडव, त्यांची खाती पहिल्याला जोड. इंडेक्स तयार झाला. मी घरी जाऊन झोपलो.

तीन आठवड्यांनी निफाड तालुक्यातल्या एक आजी पासबुक घेऊन शाखेत आल्या. त्यांची मुदत ठेव दुसऱ्याच बाईच्या नावावर दिसत होती. आजी ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळा, मी जिती हाये ना? मग माझं नाव कसं गेलं?"

तेव्हा कुठे मी जुनी रजिस्टरं काढायला लावली. आणि कळलं की त्या ४१ नोंदींपैकी एकही दुबार नव्हती. संस्थेच्या दोन शाखा होत्या आणि दोन्ही शाखांनी आपापले सभासद १ पासून मोजले होते. म्हणजे एकाच क्रमांकाचा नाशिक शाखेचा सभासद वेगळा आणि निफाडचा वेगळा. डेटा बरोबर होता, माझा नियम चुकीचा होता. इंडेक्स नुसत्या क्रमांकावर नाही, शाखा आणि क्रमांक या जोडीवर हवा होता. एका ओळीची दुरुस्ती. बॅकअप होता म्हणून सगळं परत आणता आलं. बॅकअप नसता तर?

आणि खरी लाज पुढे आहे. त्या बाकीच्या ४० जणांना कोणीच काही कळवलं नाही. त्यांची नावं तीन आठवडे गायब होती हे त्यांना आजही माहीत नाही.

त्या रात्री कॉम्प्युटर मला खरं सांगत होता. तो म्हणत होता की थांब, तुझी समजूत आणि वास्तव यात ४१ ठिकाणी फरक आहे. मी त्याला गप्प केलं. माझं म्हणणं असं आहे की महाराष्ट्रात सरकारी यादी बनवणाऱ्या जागोजागी रोज रात्री कोणीतरी त्याला असंच गप्प करतंय. कधी नियम काढून टाकून, कधी माणसं काढून टाकून.

नियम काढला की काय होतं

२०१७ आठवा. १ जूनला शेतकरी संप सुरू झाला, पुणतांब्यातून ठिणगी पडली आणि आपला जिल्हा त्यात सगळ्यात पुढे होता. २४ जूनला सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ३४ हजार कोटींची, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ. ऑनलाइन अर्ज भरायला लोक रात्र रात्र रांगेत बसले, बोटांचे ठसे उमटेनात म्हणून हात धुऊन धुऊन परत आले. बँकांना ६६ रकान्यांचा तक्ता भरायला लावला. ऑक्टोबरमध्ये दिवाळीला प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाले. आणि लगेच बातम्या आल्या की याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी आहेत. याद्या परत तपासायला गेल्या, पैसे लांबले. पुढच्या वर्षी ६ मार्चला आपल्या सीबीएस चौकातून निघालेले आदिवासी, शेतकरी १२ मार्चला मुंबईत पोहोचले. त्यांच्या मागण्यांत वनहक्क होते आणि कर्जमाफीही होती. जाहीर होऊन साडेआठ महिने झाले होते!

मला त्यातला राजकारणाचा भाग सांगायचा नाही. कोणाचं सरकार होतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि पुढच्या सरकारांच्या याद्याही आपण बघितल्या. मला एकच साधा प्रश्न पडतो. आधार क्रमांक या रकान्याला दारवान होता का? असता तर दुसरी नोंद आतच आली नसती, आणि त्याच दिवशी, त्याच काउंटरवर कळलं असतं. यादी छापून झाल्यावर दुबार शोधणं म्हणजे लग्न लागल्यावर नवरदेवाची चौकशी करणं.

"मग आधारवर युनिक लावा, संपला विषय," असं म्हणणारे माझे मित्र आहेत. संपत नाही विषय. ज्याच्याकडे आधार नाही किंवा हाताशी नाही त्याचं काय? रकाना रिकामा ठेवायचा. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा युनिक इंडेक्स दोन रिकाम्या नोंदीसुद्धा चालवून घेत नाही. रिकामं आणि रिकामं हे त्याला दुबार वाटतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल चालवून घेतात. हा फरक माहीत नसलेला प्रोग्रामर काय करतो? रकाना सक्तीचा करतो. आणि सक्तीचा रकाना समोर आला की दिवसाला दोनशे फॉर्म भरायचा ताण असलेला ऑपरेटर बारा शून्यं टाकतो, बारा नऊ टाकतो, नाहीतर शेजारच्याचाच क्रमांक टाकतो. नियम एवढा कडक केला की लोक खोटं लिहायला लागतात. खरा उपाय छोटा आहे. इंडेक्सला अट घाला की रकाना भरलेला असेल तरच तपास. रिकाम्या नोंदींची वेगळी यादी काढून माणूस पाठवा.

माणसं काढली की काय होतं

दुसरी बाजू लाडकी बहीण योजनेत दिसली. २०२४ च्या जुलैपासून अर्ज घेतले, निवडणुकीआधी पैसे सोडले. वर्षभराने सरकारनेच सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटतात, जून २०२५ पासून त्यांचे पैसे थांबवले. त्यात काही जणी एकापेक्षा जास्त योजना घेणाऱ्या, काही घरांत दोनपेक्षा जास्त, आणि चक्क पुरुषही. आता सांगा, घरात दोनपेक्षा जास्त नको हा नियम पैसे सोडायच्या आधी माहीत होता की नव्हता? होता. जीआरमध्ये होता. टेबलमध्ये होता का? कागदावरचा नियम टेबलमध्ये उतरला नाही तर तो नियम नाही, ती इच्छा आहे.

थांबवलेल्यांत खोट्या किती आणि खऱ्या किती? ज्या खऱ्या होत्या त्यांना थांबवायच्या आधी कोणी विचारलं का, की बाई, तुझी नोंद दुबार दिसते, तुझं म्हणणं काय?

मग आली ई-केवायसी. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागायला लागला. ज्या बाईचा नवरा गेला आणि वडीलही गेले तिने काय करायचं? रकाना सक्तीचा. विधवा, घटस्फोटित, निराधार बायका, म्हणजे जिला पंधराशे रुपयांची सगळ्यात जास्त गरज तीच अडकली. आरडाओरड झाल्यावर मुदत वाढली आणि त्यांच्यासाठी कागदपत्रं जमा करायची वेगळी सोय निघाली. पण टेबल बनवताना एकदाही कोणाच्या मनात आलं नाही का, की महाराष्ट्रात विधवा असतात? ज्याच्या लॅपटॉपवर ‘टेस्ट १’ आणि ‘टेस्ट २’ एवढीच माणसं राहतात त्याच्या मनात नाही येत. माझ्याही नव्हतं आलं.

आपली भाषा आणि त्यांचं टेबल

एक गोष्ट मराठीपुरती. आमचे फ्रेमवर्क बनवणारे लोक इंग्रजी नावं डोळ्यासमोर ठेवून बनवतात. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘ज्ञानेश्वर’ आपण चार अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर काना, मात्रा, हलन्त सगळं धरून दहा चिन्हं मोजतो, म्हणजे तीस बाइट. मायएसक्यूएलच्या जुन्या ठेवणीत इंडेक्सची किल्ली ७६७ बाइटपेक्षा लांब चालायची नाही. एका चिन्हाला चार बाइट धरून हिशेब केला तर १९१ चिन्हं. फ्रेमवर्क मात्र रकाना काढून देतं २५५ चा. मायग्रेशन अडकतं, ‘किल्ली फार लांब आहे’. एसक्यूएल सर्व्हरवर मोकळी सोडलेली अक्षरांची जागा तर किल्ली म्हणून चालतच नाही, आधी लांबी ठरवावी लागते.

इथपर्यंत ठीक. लांबी विचार करून ठरवा, नावाला १९१ चिन्हं भरपूर होतात. पण घाईत काय होतं? कोणीतरी रकाना ३० चा करतो. इंग्रजी नाव बसतं, मराठी नाव मध्येच तुटतं. मग रेशनकार्डावरचं आडनाव आणि बँकेतलं आडनाव जुळत नाही, आणि माणूस तहसीलला प्रतिज्ञापत्र करत फिरतो की मीच तो.

आणि आपल्याकडचं आडनाव घ्या, बोऱ्हाडे. यातला ‘ऱ्ह’ दोन पद्धतीने टाइप होतो. एकात वेगळा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. इंडेक्स जर चिन्हाला चिन्ह लावून बघत असेल तर त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी आडनावं. म्हणजे इथे दारवान असूनही एकच माणूस दोनदा आत जातो, आणि शोधायला गेलं तर सापडत नाही. ऑपरेटर म्हणतो, "तुमचं नाव यादीत नाही." नाव असतं! फक्त दुसऱ्या कीबोर्डने टाइप केलेलं असतं. यावर इलाज आहे. मूळ नाव जसंच्या तसं ठेवा, शेजारी एका ठरलेल्या लेखनात आणलेलं दुसरं नाव ठेवा आणि तपास त्यावर करा. पण त्यासाठी मराठी लिहिता-वाचता येणारा माणूस टेबल बनवताना खोलीत लागतो.

"एवढं सगळं बघायला वेळ कुठे?"

हे उत्तर मला दर वेळी मिळतं. माझ्याच धंद्यातून मिळतं. मुदत जवळ असते, मंत्र्यांची तारीख ठरलेली असते, कंत्राटात दंड असतो. मान्य. त्या रात्री मलाही सकाळी दहाची भीती होती.

पण बघा, वेळ वाचत नाही, फक्त दुसऱ्याच्या खिशातून जातो. माझे दोन तास वाचले, त्या आजींचे तीन दिवस गेले. तिच्या वेळेचा हिशेब कुठल्याच प्रोजेक्टच्या तक्त्यात नसतो, म्हणून तो फुकट वाटतो.

दुसरं उत्तर असतं, "चुका ऑपरेटरच्या आहेत, डेटाच घाण आहे." काही वेळा असतोही. पण डेटा घाण आहे की नियम चुकीचा आहे, हे बघितल्याशिवाय कसं कळलं? ४१ पैकी ४१ नोंदी बरोबर होत्या, आणि मी त्यांना रात्री साडेअकराला घाण म्हटलं होतं.

तिसरं उत्तर, "हे गुप्त असतं, लोकांना दाखवता येत नाही." लोकांची माहिती गुप्त ठेवा, ठेवलीच पाहिजे. पण टेबलात कोणते रकाने आहेत, कोणता सक्तीचा आहे, कोणता दुबार चालत नाही, यात कोणाचं गुपित आहे? गाव नमुना ७ मध्ये कोणते रकाने आहेत हे गुप्त आहे का?

मग करायचं काय

आधी माझ्या धंदेबंधूंना. तुम्हाला हे माहीत आहे, तरी लिहितो.

इंडेक्स अडकला की ती ओळ काढू नका. आधी दुबार नोंदींची यादी काढा आणि वाचा. मोजू नका, वाचा. त्या दुबार आहेत की तुमची किल्ली अपुरी आहे हे ठरवा. गाव आणि गट, शाखा आणि क्रमांक, योजना आणि वर्ष, अशी जोडी लागते का बघा. खरंच दुबार असतील तर काहीही उडवायच्या आधी त्या जशाच्या तशा वेगळ्या टेबलात ठेवा आणि कोणती नोंद कोणत्या नोंदीत मिसळली ते लिहून ठेवा. जुनी मायग्रेशन फाइल दुरुस्त करत बसू नका, नवी काढा. खऱ्या सर्व्हरवर हाताने इंडेक्स काढला असेल तर कोडला ते माहीत नसतं, पुढचं मायग्रेशन तिथेच आपटणार. आधी दोन्ही जुळवा. आणि फ्रेमवर्कने काढून दिलेली फाइल डोळे मिटून चालवू नका. रकान्याचं नाव बदललं तर ते कधी कधी जुना रकाना डेटासकट काढून नवा रिकामा टाकतं. दहा बनावट माणसांवर नाही, खऱ्या डेटाच्या नावं झाकलेल्या प्रतीवर आधी एकदा चालवून बघा.

आता सरकारला, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वतीने. नवीन काही मागत नाही, जुनंच मागतोय.

एक. जमीन महसूल संहितेचं कलम १५५ लेखनातल्या चुका दुरुस्त करायला परवानगी देतं, पण संबंधितांना नोटीस देऊन, हरकत ऐकूनच. १९६६ चा कायदा आहे. कोणत्याही योजनेच्या यादीतून दुबार म्हणून नाव काढायचं असेल तर हाच नियम लावा. आधी नोटीस, मग दुरुस्ती.

दोन. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर बंद करा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं. स्क्रीनवर जी लाल ओळ येते ती मराठीत, तारखेसह, कागदावर द्या. त्या मावशींच्या हातात एक चिठ्ठी असती की ‘हा क्रमांक आधीच्या नोंदीवर आहे, तपासणी अमुक अधिकारी करतील’, तर चौथी खेप पडली नसती.

तीन. प्रत्येक सरकारी प्रणालीची फेरफार नोंदवही उघडी ठेवा. कोणत्या तारखेला टेबलात काय बदललं, किती नोंदींवर परिणाम झाला, किती काढल्या, किती मिसळल्या. नावं नकोत, आकडे द्या. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सांगतंच की निर्णयाची कारणं बाधित माणसाला स्वतःहून द्या.

चार. चावडी वाचन परत आणा. २०१७ च्या उन्हाळ्यात ऑनलाइन सातबारे गावोगाव वाचून दाखवले, चुका लोकांनीच सांगितल्या. कॉम्प्युटरला जे दिसत नाही ते गावाला दिसतं. हे दोन वेगळे सखाराम आहेत आणि ही एकच सगुणाबाई आहे, हे सांगायला गाव लागतं. योजनांच्या याद्याही ग्रामसभेत आणि शहरात प्रभागात वाचा. खाते क्रमांक आणि आधार न दाखवता वाचता येतात.

आपल्याकडे सिंहस्थ तोंडावर आहे. नोंदण्या होतील, पास निघतील, भूसंपादनाच्या याद्या बनतील, गाळ्यांचे वाटप होईल, रोज एक नवं ॲप येईल. प्रत्येकाच्या मागे एक टेबल असेल, आणि कुठल्यातरी रात्री साडेअकराला कोणाच्या तरी स्क्रीनवर दुबार नोंदीची ओळ येईल. त्या पोराला माझी विनंती आहे की भावा, सकाळी दहाला साहेबाच्या शिव्या खा, पण स्क्रिप्ट चालवू नकोस. आधी यादी वाच.

आणि तुम्हा बाकीच्यांना एकच सांगणं. काउंटरवर कोणी म्हणालं की सिस्टीम घेत नाही, तर शांतपणे विचारा, "स्क्रीनवर काय आलंय ते वाचून दाखवा." मोबाइलमध्ये लिहून घ्या, तारीख टाका. तुमच्यासोबत असं झालं असेल तर खाली लिहा. आधार क्रमांक, खाते क्रमांक टाकू नका, फक्त काय ओळ आली आणि किती खेपा झाल्या तेवढं. मी जमेल तेवढ्यांचा अर्थ सांगेन. मावशींचा नंबर घ्यायचं मात्र त्या दिवशी राहून गेलं.